अठरा ट्रॉल्या लाल माती

मी सरकारी भूवैज्ञानिक आहे आणि मला विहिरीची भीती वाटते. एकोणीस वर्षांच्या नोकरीत हे मी कोणापुढे उच्चारलं नाही. बायकोला माहीत आहे, पण तिला माझ्याबद्दल बरंच काही माहीत आहे आणि ती त्याचा बोभाटा करत नाही. लहानपणी विहिरीत पडला होता का, कोणी ढकललं होतं का, असं विचारू नका. तसलं काही झालेलं नाही. काठाशी गेलो की तळपायाला घाम सुटतो आणि गुडघे ऐकत नाहीत, एवढंच.

आता भूवैज्ञानिकाने विहिरीला भिणं म्हणजे आचाऱ्याने चुलीला भिण्यासारखं आहे. पण निभावून नेता येतं. गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर खोदली जात असते तेव्हा मध्येच एकदा जाऊन आम्ही तिची स्तरनोंद करतो. म्हणजे वरून किती फूट माती, मग मुरूम, मग खडक, तो कच्चा की पक्का, बाजूंना बांधकाम लागेल की नाही, हे सगळं. त्यासाठी खोदणाऱ्यांच्या लोखंडी टबात बसून खाली उतरायचं, हातोडीने बाजू ठोकून बघायच्या आणि मग लिहायचं. मी उतरत नाही. मी ढीग वाचतो. विहिरीतून निघालेला माल काठावर टाकतात. त्यात आधी निघालेलं तळाला असतं आणि शेवटी निघालेलं माथ्यावर. ढीग डोळ्यांखालून घातला, खोली किती झाली ते मुकादमाला विचारलं, की माझा कागद तयार. ऑफिसात याला माझं कौशल्य मानतात. "भीमराजला काठावरून कळतं," असं आमचे वरिष्ठ नव्या लोकांना सांगतात, आणि मी नम्रपणे हसतो.

गाडेकरवस्तीची स्तरनोंद मी मार्चमध्ये अशीच केली होती. राहुरीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तीस-पस्तीस घरांची ही वस्ती. विहीर तेव्हा तीस फूट झाली होती आणि तळाची थोडी माती सोडली तर ढीग सगळा काळ्या दगडाचा होता. मी लिहिलं, 'सहा फुटांखाली सलग काळा पाषाण, पक्का. बाजूंना बांधकामाची आवश्यकता नाही.' सही केली, शिक्का मारला आणि वाटेत उसाचा रस पिऊन नगरला परतलो.

मेच्या अखेरीस पुन्हा जायचं ठरलं. विहीर अठ्ठेचाळीस फुटांवर गेली होती आणि पाणी बेताचंच लागलं होतं. आणखी खोल न्यायची की थांबायचं, ते मी सांगायचं होतं. ड्रायव्हर सुनीलने साडेअकराच्या सुमारास जीप वस्तीवर लावली. सरपंच रतनबाई वाटच बघत होत्या. विहीर कुठं पळून जात नाही, आधी चहा घ्या म्हणाल्या. मला ते पटलं. विहिरीकडे जायची घाई मला कधीच नसते.

ओट्यावर बसलो. भिंतींना छातीइतक्या उंचीपर्यंत लाल पट्टा ओढलेला होता, चूलही लाल सारवलेली, अंगणाची कडही लाल. समोरच्या घराचंही तसंच. मी आपलं बोलायचं म्हणून बोललो, "रंग छान दिलाय."

"रंग कुटला साहेब, माती हाय," रतनबाई कौतुकाने म्हणाल्या. "आपल्याच हिरीतली. लई चांगली निगाली, लोन्यावानी मऊ. समद्या वस्तीतल्या बायांनी पाट्या भरभरून नेली."

माझा कप तोंडाशी थांबला. "कधी निघाली?"

"फेब्रुवारीत. तुमी यायच्या आदी."

"आणि बाकीची?"

"बाकीची सप्त्याच्या मांडवाला मारुतीम्होरं टाकली. जागा वरखाली हुती ना. अठरा ट्रॉल्या झाली, मी सोता हुभी हुते."

ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतं. म्हणजे शंभर घनफूट. अठरा ट्रॉल्या, अठराशे घनफूट. विहिरीचा व्यास पंचवीस फूट. खणल्यावर माती फुगते, ते वजा करायचं, आणि बायांच्या पाट्या वर धरायच्या. हा हिशोब करायला मला कागद लागत नाही. साडेतीन-चार फूट जाडीचा थर. काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये चार फूट लाल माती, आणि मी लिहिलं होतं सलग पक्का खडक.

ही लाल माती आमच्या भागात सगळीकडे आहे. लाव्ह्याचा एक थर येऊन थंड झाला, त्याच्या माथ्याची माती झाली, मग पुढचा थर तिच्यावर येऊन बसला, अशी ती घडलेली. कोरडी असते तोवर विटेसारखी घट्ट राहते. पाणी लागलं की फुगते, मऊ होते आणि बाहेर सरकते. तिच्यावर कित्येक फूट काळा दगड उभा असतो, त्याला मग खालून आधार राहत नाही. अशा थरापुढे आधी दगडी भिंत बांधून घेतात, मगच माणसं त्याच्या खाली उतरवतात. आणि आठवड्यापूर्वी राहुरीच्या पट्ट्यात अवकाळीचा तासभर पाऊस पडला होता.

"खाली माणसं आहेत का आत्ता?" मी विचारलं.

"हायेत की. सहादू, त्येचा भाऊ अमृत आन कानिफनाथ. सकाळपास्नं उतरल्यात."

मी कप खाली ठेवला आणि पळत सुटलो. पन्नाशीला आलेला सरकारी माणूस पळतो तसा, म्हणजे वाईट दिसेल असा.

विहिरीवर सहादूची बायको भागिरथी यारी चालवत होती. यारी म्हणजे डिझेल इंजिनावरचं ओढायचं यंत्र. लांब लोखंडी दांड्यावरून तारेचा दोर खाली जातो, दोराला टब. तीन माणसं खाली सुरुंगाने फुटलेला दगड टबात भरतात आणि ही वरून ओढून घेते. नवऱ्याचा जीव बायकोच्या हातातल्या लिव्हरवर. या कामावर असं बऱ्याचदा असतं, कारण परक्यावर एवढा भरवसा कोण टाकणार.

आता माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लाजिरवाणं वाक्य सांगतो. मी धापा टाकत तिला म्हणालो, "मला मोजमाप घ्यायचंय. सगळ्यांना वर बोलवा."

मोजमाप. बाजू कोसळेल असं म्हणालो नाही. कारण पुढचा प्रश्न तयार होता, मग मार्चमध्ये कसं दिसलं नाही? आणि मागून रतनबाई येत होत्या, सुनील येत होता. नोकरी, चौकशी, निलंबन, सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं, आणि खालच्या तिघांच्या आधी गेलं.

भागिरथीने इंजिन बंद केलं आणि वाकून हाक दिली. खालून सहादूचा आवाज आला, "पाच टब ऱ्हायल्यात. भरून येतो म्हनावं."

"चालंल ना साहेब?" तिने विचारलं.

मी "बरं" म्हणालो.

एक टब भरून वर यायला, ओतायला आणि परत खाली जायला चारेक मिनिटं लागतात. पाच टब म्हणजे वीस मिनिटं. इंजिन पुन्हा सुरू झालं, जमीन पायाखाली थरथरायला लागली, आणि ती थरथर त्या लाल थरापर्यंत पोचते आहे हे मला समजत होतं. पहिला टब वर आला. मी बघत राहिलो. मनाला म्हणत होतो की जी बाजू तीन महिने पडली नाही ती वीस मिनिटांत काय पडणार आहे.

मग मी कधी केलं नव्हतं ते केलं. पालथा झोपलो आणि सरपटत काठापर्यंत गेलो. डोळे मिटून गेलो आणि काठावर हनुवटी आल्यावर उघडले.

थर तिथंच होता. सतरा फुटांवर, विहिरीच्या चहूबाजूंनी लाल पट्टा. तीन बाजूंना कोरडा, तडकलेला. पण डोंगराच्या बाजूचा काळपट ओला होता आणि पोट सुटल्यासारखा बाहेर आला होता. त्याच्या वरच्या काळ्या दगडात उभी भेग गेली होती, हात जाईल एवढी. मी बघत असतानाच मुठीएवढं लाल ढेकूळ सुटलं आणि खाली गेलं. आवाज यायला फार वेळ लागल्यासारखं वाटलं. तळाशी तिघं जण बोटभर दिसत होते. कानिफनाथने मान वर करून पाहिलं, दोन पावलं बाजूला सरकला आणि पुन्हा दगड उचलायला लागला.

दुसरा टब वर निघाला होता.

मी उठलो, भागिरथीजवळ गेलो आणि ओरडलो, "इंजिन बंद करा. बाई, मी खोटं लिहिलंय. मी खाली उतरलोच नव्हतो. बाजू पक्की नाही, मध्ये लाल माती आहे, ती सुटली आहे. माणसं बाहेर काढा."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत, राग यायला वेळ लागतो. तिने लिव्हर ओढला, भरलेला टब बाजूला घेऊन रिकामा केला, मग काठावर बसून खाली ओरडली, "माती सुटलीया. टब भरू नगा. दोगं बसा." टबात दोनच माणसं मावतात.

खालून सहादू म्हणाला, "अमृत आन कानिफ येत्यात. मी मागनं."

पहिले दोघं वर आले. रिकामा टब पुन्हा खाली गेला. तो जाताना मला वाटत होतं की तिने जोरात सोडावा, पण ती सोडत नव्हती. दोर हलला तर टब झोकांडी खाऊन बाजूला आपटेल, हे तिला माहीत होतं. मला धीर नव्हता. मी तिच्या मनगटांकडे बघत होतो. ती जराही थरथरत नव्हती, पण तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला ती हात काढत नव्हती. दोराला दोन झटके बसले, म्हणजे ओढा. टब लाल पट्ट्याच्या पातळीला आला तेव्हा रतनबाईंनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, तेवढं तरी मला करायचं होतं. सहादू वर आला, काठावर उतरला आणि आधी पाणी मागितलं.

बाजू पडली नाही.

आम्ही लिंबाखाली बसलो. दहा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. वस्तीतली माणसं जमली. बाजू उभीच होती. हळूहळू सगळे माझ्याकडे बघायला लागले. रतनबाई म्हणाल्या, "साहेब, मार्चात म्हनलात पक्की हाय. आज म्हनताय कच्ची हाय. आमी काय धरायचं? टँकर दोन दिसाआड येतोय. हीर थांबवून चालंल का?"

"खाली ड्रिल हाय," अमृत म्हणाला. "तेवडं तरी घिऊन येतो. पाच मिन्टं."

तो उठला. मी नको म्हणालो. त्याने ऐकल्यासारखं केलं आणि टबाकडे चालू लागला. मी आधी खोटं लिहिलं होतं हे मीच सांगितलं होतं, मग आताचं खरं कशावरून? त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

"थांब," मी म्हणालो. "मी उतरतो. लाल मातीपर्यंतच. हाताने बघून येतो. मग तुम्ही ठरवा."

हे बोललो कसं ते मला आजही नीट सांगता येत नाही. शौर्य वगैरे काही नव्हतं. अमृत खाली गेला आणि बाजू आली, तर मला पुढे जगता येणार नाही, ही भीती त्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढंच. सहादूने माझ्या कमरेला दोर बांधला, सुनीलने जीपमधली माझी हातोडी आणून दिली. ओल्या बाजूकडे जायचं नाही, कोरड्या बाजूनेच टब सोड, असं त्याने बायकोला बजावलं. भागिरथी म्हणाली, "मी सोडते तुमाला. खाली बगू नगा. एक झटका दिला की थांबते, दोन दिलं की वडते."

टब हवेत गेला आणि माझे डोळे पांढरे झाले असावेत, कारण सुनील नंतर तसं म्हणाला. मी टबाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं बधिर झाली. काळा दगड माझ्यासमोरून वर सरकत होता. तोंडाने मी काहीतरी पुटपुटत होतो, बहुतेक खडकांची नावं. गारवा आला, मग ओल्या मातीचा वास आला, आणि नाकासमोर लाल पट्टा आला. दोराला एक झटका दिला. टब थांबला.

ही कोरडी बाजू होती. मी हातोडीचा दांडा तिच्यावर टेकवला आणि दाबला. पापुद्र्याएवढा कडक भाग फुटला आणि दांडा वीतभर आत गेला. मी बाहेर काढला तर भोकातून पाण्याची धार आली, बारीक, करंगळीएवढी. कोरडी बाजूही आतून भिजलेली होती. मूठभर माती मी ओढून घेतली. तेव्हा वरच्या दगडाचा आवाज आला. मोठा नव्हता. जड कपाट फरशीवर जरासं सरकवल्यावर येतो तसा. माझ्या डोक्यावर तो दहा-अकरा फूट उंच होता आणि माझी सही त्याच्या नावावर होती.

मी झटके किती दिले ते मोजले नाहीत. वर आलो तेव्हा उभं राहता येईना, म्हणून काठापासून रांगत लांब गेलो आणि सगळ्यांना मागे सरका म्हणालो. या वेळी सगळे सरकले.

पाऊण तासाने डोंगराकडची बाजू गेली. आधी लाल माती दह्यासारखी बाहेर आली, मग वरचा दगड अख्खा वाकला आणि गेला. जमीन हादरली. धूळ लिंबाच्या शेंड्यापर्यंत आली. ती बसल्यावर पाहिलं तर अठ्ठेचाळीस फुटांच्या विहिरीचा तळ वीस फुटांवर आला होता. ड्रिल कुठं दिसत नव्हतं. भागिरथी नवऱ्याच्या शेजारी जाऊन बसली, तिने त्याचा दंड धरला आणि मग ती थरथरायला लागली, थांबेचना.

रतनबाईंनी हात जोडले. "साहेब, तुमच्यामुळं वाचली माणसं," त्या म्हणाल्या. जमलेल्या लोकांनी माना हलवल्या. कोणीतरी नारळ आणायला गेलं. आणि मी, खरं सांगतो, एक क्षणभर ते श्रेय घेणार होतो.

सहादूने माझ्या मुठीकडे पाहिलं. माती अजून माझ्या हातात होती, सोडायचं सुचलं नव्हतं. त्याने थोडी घेतली, बोटांत चुरली आणि खाली बघत म्हणाला, "आमाला रोज दिसत हुती ही. दोन म्हैने. कानिफ म्हनायचा, ही बाजू बरी दिसंना. मीच त्येला गप करायचो. साहेबानं बगून लिवलंय, पक्की हाय, म्हनायचो. तुमी शिकल्यालं मानूस."

वीस वर्षं विहिरी खोदणाऱ्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझा कागद खरा धरला होता. आणि असा कागद मी काही एकाच विहिरीसाठी लिहिलेला नव्हता.

त्या दिवशी माझ्या नोंदीवर जिल्ह्यात सात विहिरींचं खोदकाम चालू होतं. गाडेकरवस्ती धरून. सहा राहिल्या. तिथंही कोणीतरी खाली असणार, आणि कोणी म्हणत असेल की ही बाजू बरी दिसत नाही, आणि दुसरा त्याला गप्प करत असेल. मी फोन काढला. मातीने बोटं घसरत होती. तीन ठिकाणी काम बंद होतं. चौथ्याने कारण न विचारता माणसं वर घेतली. पाचवीवर जेवणाची सुट्टी होती.

सहावी पारनेरकडच्या एका वाडीवर, पंचावन्न फूट. मुकादम भागवत. फोन बराच वेळ वाजला आणि मग त्याने उचलला. मागे इंजिनाचा आवाज होता.

"बोला साहेब. मानसं खाली हायती, जरा घाईत हाय. येनार हाय का मोजमापाला?"

रतनबाई, सुनील, सहादू, भागिरथी, सगळी वस्ती माझ्या भोवती उभी होती.

"मोजमाप नाही," मी म्हणालो. "भागवत, त्यांना सांग, साहेबाने न बघता लिहिलंय. जे हातात असेल ते टाका म्हणावं आणि वर या. फोन ठेवू नकोस. शेवटचा माणूस वर येईपर्यंत मी इथंच आहे."

पलीकडे त्याने काहीच विचारलं नाही. इंजिन बंद झालं. तो विहिरीत वाकून माझंच वाक्य ओरडताना मला ऐकू आलं, आणि मी खालून उत्तर यायची वाट बघत उभा राहिलो.